रंगवलेली फट

त्या राज्यात मागणाऱ्याला देणारा दिसत नसे आणि देणाऱ्याला मागणारा दिसत नसे. मध्ये एक भिंत होती. भिंतीच्या आत कचेरी होती, बाहेर रयत होती, आणि भिंतीत, ससा मागच्या पायांवर उभा राहिला तर त्याच्या नाकासमोर येईल इतक्या उंचीवर, एक फट होती. बीळ हवे, पाणवठ्यावर पाळी हवी, पिलांची नोंद हवी, जे काही हवे ते त्या फटीतूनच मागावे लागे.

मागण्याचीही रीत होती. कुठेही गेले तरी पळसाला पाने तीनच, म्हणून कचेरीने अर्जासाठी पळस धरला होता. तीन दळे आणि प्रत्येक दळावर दोन उत्तरे: कोण, कुठला, काय हवे, का हवे, त्या जागी आज कोण राहते, आणि शेवटी स्वतःच्या पंजाची खूण. उत्तरे काट्याने टोचून लिहायची. त्यासाठी सायाळीच्या काट्यासारखा काटा नाही. खालच्या खोलगटात राहणाऱ्या सायाळी आपले गळलेले काटे भिंतीपाशी आणून ठेवत. ज्याला हवा त्याने घ्यावा, लिहून झाले की पुन्हा मातीत खोचून ठेवावा. साऱ्या राज्याचे लिहिणे सायाळींच्या काट्यांवर चालले होते. त्याबद्दल त्यांना कुणी कधी काही दिले नव्हते, आणि त्यांनीही मागितले नव्हते.

स्वतःच्या कामासाठी सायाळी फटीपाशी वर्षातून एकदाच येत. त्यांचा खोलगट बांधाच्या खाली होता, आणि नियम असा होता की खोलगटातल्या प्रत्येक बिळाने दरसाल एक पान द्यावे: आम्ही इथे राहतो. पळसाला पहिले फूल येईपर्यंत ज्याचे पान आले नाही त्याचे बीळ ओसाड धरायचे. सगळीच बिळे ओसाड ठरली तर खोलगट मागेल त्याला द्यायचा आणि फूल दिसेल त्या दिवशी दुपारी बांधाचे तोंड उघडायचे. बांधावर खेकडे नेमलेले होते. कचेरीचा शिक्का असलेल्या पानाखेरीज ते कुणाचेच ऐकत नसत.

शिक्का संथोबाचा होता. संथोबा म्हणजे कचेरीतले जुने कासव. फटीत टाकलेले पान आतल्या घसरणीवरून सरपटत येई आणि त्याच्या दगडावर पडे. संथोबा पान उलटेसुलटे करी आणि पहिल्या उत्तरापासून वाची. राजाच्या मेहुण्याचे पान असो नाहीतर घुशीचे, वाचायला सुरुवात पहिल्यापासूनच. कुणी हसले तर म्हणे, "बाहेर कोण उभं आहे ते मला दिसत नाही. म्हणून मी सगळ्यांना सारखंच वाचतो." एखादे उत्तर चुकले तर त्याच्याशेजारी नखाने रेघ ओढून तो पान खालच्या मोरीतून परत पाठवी. बरोबर उत्तरे जशीच्या तशी राहत, चुकले तेवढेच पुन्हा लिहायचे. सगळे बरोबर असले तर उजवा पाय गेरूत बुडवून ठसा मारी आणि मोरीतून एक रिठ्याची बी बाहेर लोटी. बी मिळाली की अर्जदाराने तिथे घुटमळायचे नाही, बी घेऊन चालू लागायचे. ही बी संथोबानेच काढली होती. पूर्वी एका उतावळ्या सशाने, पान पोचले की नाही या काळजीने, तेच पान तीनदा टाकले होते आणि कचेरीने त्याला इमानाने तीन बिळे खणून दिली होती, त्यातले एक घुशीच्या घरातून.

या सगळ्याला वेळ लागे, यात शंका नाही. सकाळी टाकलेले पान दुपारी परत यायचे, कारण काय, तर पंजाची खूण राहिली. वरच्या बागेतल्या रयतेला उन्हात उभे राहायची सवय नव्हती. ते कुरकुरत, आणि त्यांची कुरकुर कचेरीला लवकर ऐकू येत असे.

अशात खंड्या दिवाण झाला. निळाशार, चकचकीत, नजर इतकी तेज की जे दिसेल त्यावर सरळ झेप. जे दिसत नाही ते नाहीच, असा त्याचा हिशेब. त्याने भिंतीबाहेरच्या झाडावर साळुंक्या नेमल्या. आता अर्जदाराने पान आणायचे नाही की काटा धरायचा नाही. साळुंकी त्याच्या पाठीवर येऊन बसे, गोड आवाजात सहा प्रश्न विचारी, तिसरे उत्तर राहिले तर जागच्या जागी सांगे, आणि सहाही मिळाली की भिंतीवरून उडत आत येऊन संथोबाला घडाघडा म्हणून दाखवी. परत जाऊन सांगे, "आपलं काम झालं. धन्यवाद." अर्जदाराला जागचे हलावेसुद्धा लागत नसे.

खोटे कशाला बोला, संथोबालाही ते आवडले. निम्म्या चुका बाहेरच्या बाहेर मिटू लागल्या. त्याच्या मानेला आराम मिळाला. त्याने दिवाणाला फक्त दोन गोष्टी सांगितल्या. "फट असू द्या. आणि साळुंकीनं तपासलेलं असलं तरी मी पहिल्यापासून ऐकणार. ती बसते बाहेर. बाहेरचं ते बाहेरचंच." खंड्या म्हणाला, "अगदी योग्य." होकार द्यायला त्याचे काय जात होते!

वर्षभराने तो पुन्हा आला. म्हणाला, "संथोबा, साळुंक्या एकदा तपासतात, तुम्ही पुन्हा तपासता. हा त्यांच्यावर अविश्वास नाही का? त्या दुखावल्यात. तुम्ही आता नुसता ठसा मारा." हुकूम होता हे खरे. पण संथोबाला मनातून बरे वाटले हेही तितकेच खरे, आणि पुढे त्याला स्वतःची चीड आली ती हुकमाची नव्हे, या बरे वाटण्याची. त्याने ऐकणे सोडले. साळुंकी बोलायची, कासव पेंगायचे, बोलणे थांबले की पाय गेरूत बुडवून कचेरीने समोर पसरून ठेवलेल्या पानावर टेकवायचे. दिवसाकाठी शंभर कामे होऊ लागली आणि कचेरीत सगळे एकमेकांची पाठ थोपटू लागले.

मग एक दिवस घसरणीवर अंधार झाला. फटीतून येणारा उजेडाचा पट्टा इतकी वर्षे त्याच्या दगडावर पडत असे, तो दिसेना. खंड्याने सांगितले, "धूळ येते म्हणून फट सजवून घेतली आहे. बाहेरून बघाल तर ओळखणार नाही." संथोबाने बाहेरून कधीच बघितले नव्हते. त्याने मान हलवली.

थंडी सरत आली, पळसाची पाने झडू लागली, आणि संथोबाच्या ध्यानात आले की या वर्षी सायाळींचे एकही पान आलेले नाही. दरसाल तीच पहिली येत. त्यांची टोचणी ओळखू येई: बारीक, सरळ, स्वतःच्याच काट्याची. तो दिवाणाकडे गेला.

"सायाळींची पानं कुठं आहेत?"

"आली नाहीत, म्हणजे त्यांनी दिली नसतील," खंड्या म्हणाला.

"त्यांच्या पाठीवर साळुंकी बसते का?"

"काट्यावर कोण बसेल? शंभरात दोन-तीन असतात असे. त्यांच्यासाठी का सगळं मागं न्यायचं?"

"त्यांची काही तक्रार?"

"एकही नाही. हवं तर नोंदी बघा. खालच्या वस्तीसारखी समाधानी रयत दुसरी नाही."

"तक्रार करायची कुठं असते?"

"साळुंकीकडे," खंड्या म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर एक रेघही हलली नाही.

दुसऱ्या दिवशी धुके होते. सकाळी एक आवाज भिंतीवरून आत आला आणि साळुंकीच्या गोडव्याने बोलू लागला. बगळ्यांना मासे धरायला तळे हवे, खोलगट हवा, तिथे आज कोणी राहत नाही. संथोबाचे डोळे अर्धे मिटलेले होते. पाचव्या उत्तरापाशी त्याच्या मनात काहीतरी खुपले, पण तेवढ्यात पाय सवयीने गेरूत गेला होता आणि सवयीनेच पानावर टेकला. दुपारी धुके विरल्यावर खरी साळुंकी आली. म्हणाली, "धुक्यात आम्हाला उडता येत नाही. आजची पहिली मीच."

संथोबाने मान वर केली. मग सकाळी कोण आले होते? भिंतीच्या टोकावर दुभंगल्या शेपटीचा कोतवाल बसला होता. ज्याची खाईल पोळी त्याची वाजवील टाळी, अशी त्या पक्ष्याची ख्याती. कुणाचाही आवाज हुबेहूब काढणे हे त्याचे पोट. तो चोचीतला माशाचा तुकडा गिळत होता आणि त्याला लपायचीही गरज वाटली नव्हती. इथे कोणी ऐकत नाही हे कचेरीबाहेर सगळ्यांना ठाऊक झाले होते.

संथोबाने खंड्याला गाठले. खंड्याने पान पाहिले आणि म्हणाला, "ठसा तुमचाच आहे ना? मग झालं. बदलायचं असेल तर नियम आहे. खोलगटात राहणाऱ्या कुणा एकाचं पान आणा, त्यावर ठसा मारा आणि खेकड्यांना दाखवा. माझी काही हरकत नाही." खरोखरच त्याची काही हरकत नव्हती. पळसाच्या कळ्या तोपर्यंत काळ्या पडून फुगल्या होत्या. फार तर पाच दिवस होते.

मग संथोबाने आयुष्यात कधी केले नव्हते ते केले. तो भिंतीबाहेर निघाला. एका शिंपल्यात गेरू कालवून तो त्याने पाठीवर वेलीने बांधला. कचेरीचा दरवाजा भिंतीच्या पार दुसऱ्या टोकाला होता आणि कासवाला तो वळसा घालायला साडेचार दिवस लागले. तो कुठेही थांबला नाही. तोंडातल्या तोंडात एकच पुटपुटत होता: मी ऐकलं नाही, मी ऐकलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी तो फटीच्या समोर पोचला. आधी त्याला बरे वाटले, कारण फट दिसत होती. काळीभोर, खोल, रेखीव. जवळ गेल्यावर कळले की ती चित्रातली आहे. खरी फट चिखलाने लिंपून तिच्यावर काळ्या रंगाने दुसरी फट काढली होती, आणि काढणाऱ्याचा हात इतका चांगला की आतल्या घसरणीची सावलीसुद्धा सोडली नव्हती. शेजारी सुबक अक्षरांत लिहिले होते: पाठीवर साळुंकी बसू द्यावी. त्याशिवाय काम होणार नाही.

रंगवलेल्या फटीखाली पाने होती. आधी त्याला पाचोळा वाटला. मग त्याने टोचणी ओळखली. वाळलेली, अर्धी वाळलेली, कालची ताजी, एकावर एक अशी पानांची रास भिंतीला टेकून उभी होती. तिचा माथा जवळजवळ त्या काळ्या रंगापर्यंत गेला होता. सायाळींनी या वर्षी पाने दिली नव्हती असे नव्हते. त्यांनी इतकी दिली होती की तेवढी संथोबाने दहा वर्षांत पाहिली नसतील.

तो राशीपाशी उभा असतानाच खोलगटाच्या वाटेने एक सायाळ आली. तोंडात नवे पान होते. तिने कासवाकडे पाहिले, कोणी म्हातारा अर्जदार असेल असे समजून मान लववली, आणि राशीवर चढून पान फटीला लावले. एवढे दिवस प्रत्येक पान रंगावरून घसरून खाली पडत होते. पण आता रासच तिथवर आली होती. पान राशीच्या माथ्यावर भिंतीला टेकले आणि तिथेच राहिले. खाली आले नाही.

सायाळ श्वास रोखून बघत राहिली. मग तिचे सगळे काटे एकदम सैल झाले.

"घेतलं!" ती म्हणाली. "घेतलं बाबा एकदाचं! एकोणीस येळा खाली टाकलं, आज घेतलं."

"बाई," संथोबा म्हणाला, "तुझं नाव काय?"

"भागी. ती साळुंकी काय अंगावर बसंना. आमचा गोमा म्हातारा म्हणला, मग काटेच काढतो. एकेक काटा उपटला बघा, रगत निघालं. बसली साळुंकी. झालं काम म्हणली, धन्यवाद म्हणली. आन घरी येताना वाटेतच त्याला कोल्ह्यानं धरलं. काटं नव्हतं ना अंगावर. बीळ मोकळंच राहिलं त्याचं." तिने पंजाने नाक पुसले. "माझी दोन पिल्लं हायत. मी काटं काढून कसं चालंल? म्हणून म्हणलं, आपण फटीतच टाकत राहू. आत एक म्हातारा हाय. आमची आय सांगायची, लई सावकाश, पण वाचल्याबिगर सोडत न्हाई."

संथोबाने मान पुढे काढली.

"भागी, ऐक. पान आत गेलेलं नाही. ती फट नाही, रंग आहे. तुमचा खोलगट बगळ्यांना दिलाय. आज पळस फुलला असेल तर दुपारी पाणी सुटेल. पिल्लं घेऊन वर ये, आत्ताच्या आत्ता."

भागीने त्याच्याकडे निरखून पाहिले. तिच्या नजरेत राग नव्हता. जगाची रीत न कळणाऱ्या म्हाताऱ्याची कीव होती.

"असं कसं हुईल? खाली आलं न्हाई ते माझ्या डोळ्यानं बघितलं की. ज्याचं पान घेतलं त्याच्या बिळात पाणी येत न्हाई, नियमच हाय तसा."

"मग रिठ्याची बी कुठं आहे?"

"ती आता देत न्हाईत म्हणं. नवी पद्धत हाय."

"अगं, तो आतला म्हातारा मीच आहे! तुमच्या बिळांवर ठसा मीच मारलाय, न ऐकता मारलाय!"

भागी हसली. "आतला बाहेर कशाला यील, बाबा? आन त्यो न वाचता ठसा मारल व्हय? तुमी उन्हात लई उभं ऱ्हायलात. सावलीला बसा." ती वळली आणि तुरुतुरु उतारावरून घराकडे निघाली. किती तरी दिवसांनी तिची चाल हलकी झाली होती.

संथोबा राशीवर चढला. चढताना वाळकी पाने पायांखाली मोडत होती. त्याने तिचे पान ओढून घेतले आणि तशाही घाईत पहिल्यापासून वाचले. कोण: भागी. कुठली: खोलगटाची. काय हवे: बीळ, आहे तेच. का हवे: दुसरे नाही. आज कोण राहते: मी आणि दोन. मग पंजाची खूण. सहाही बरोबर होती. त्याने शिंपल्यातल्या गेरूत पाय बुडवला, ठसा मारला, पान तोंडात धरले आणि बांधाकडे निघाला. वाटेत उतारावर भागी अजून दिसत होती. हाक मारावी तर पान सुटेल, आणि पानाशिवाय खेकडे ऐकणार नाहीत. त्याने तोंड मिटलेलेच ठेवले.

वाटेच्या कडेला एका निष्पर्ण पळसाच्या टोकाला लाल ठिपका होता. संथोबाने तो पाहिला आणि मान आणखी पुढे काढली. कासवाने जितके धावावे तितका तो धावला. हे वाक्य कुणाला हसू आणील, पण त्याच्या पायांची नखे दगडांवर मोडली. बांध अजून दोन टेकाडे दूर होता तेव्हा सूर्य डोक्यावर आला. खेकड्यांनी बांधाचे तोंड वेळेवर उघडले. त्या राज्यात वेळेवर होणारे तेवढे एकच काम उरले होते.

आधी आवाज आला, मग पाणी. खोलगट भरायला फार वेळ लागला नाही. भरून उरलेले पाणी उतार चढून भिंतीपाशी आले. वाटेत त्याने संथोबाला उचलले. कासव पाण्यात बुडत नाही. त्या दिवशी त्याला त्याचेही वाईट वाटले. भिंतीपाशी पाण्याने रास सोडवली आणि पाने एकेक करून तरंगू लागली. भिंतीवरचा रंग विरघळून सुबक अक्षरे वाहून गेली. वरच्या फांदीवर साळुंक्या बसल्या होत्या. बगळे आले तशी त्यांच्यातली एक खाली उतरून पहिल्याच्या पाठीवर बसली आणि गोड आवाजात म्हणाली, "आपलं काम झालं. धन्यवाद."

संथोबाने तोंड उघडले तेव्हा त्यातले पान सुटून बाकीच्यांत मिसळले. ठसा असलेले ते एकच होते. त्याच्यामागून खोलगटाकडून दोन-चार काटे तरंगत आले. एक मोठा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, आणि बाकीचे अजून पुरते टणकही न झालेले. पाणी हलत होते तशी पाने आणि काटे भिंतीला टेकत, सरकत, पुन्हा टेकत. कुठे फट सापडते का हे पाहत ती सगळी संध्याकाळपर्यंत भिंतीच्या कडेकडेने फिरत राहिली.